कोरडा सराव

"सर, तुमचं पवनं वर पोचलं," बंकट शिपाई वाचनकक्षाच्या दारात उभा राहून म्हणाला, आणि लाकडी बाकावर पालथ्या पडलेल्या धर्मराज ओव्हाळचे दोन्ही हात, पुस्तकातल्या आकृतीबरहुकूम छातीखालून पुढे निघालेले, हवेतच थांबले. दाराला आतून कडी होती. ती नीट बसत नाही हे बंकटला इतकी वर्षं ठाऊक होतं आणि महाविद्यालयाच्या ग्रंथपालाला, म्हणजे धर्मराजला, ठाऊक नव्हतं, एवढंच. तो उठून बसला, शर्टाची बटणं लावू लागला. पोटावर फळीच्या कडेचा वळ उमटला असणार हे त्याला न पाहता कळत होतं. "वर म्हणजे?" "वर म्हंजी आबासाहेबांपतुर. म्या कुणालाच सांगितलं न्हाई, सर, आईची आन. फकस्त क्यान्टीनमधी बोलल्तो. आता क्यान्टीनमधलं कोनतं बोलनं वर जातंय आन कोनतं बशीत ऱ्हातंय, मला काय ठाव?" धर्मराजने विचारलं, मग काय झालं, चौकशी लावली का? बंकटच्या चेहऱ्यावर दुःख आणि अभिमान दोन्ही एकदम आले. "चौकशी? सत्कार हाय, सर. चौदा एप्रिलला नव्या तलावाचं उद्घाटन. त्यात पैली उडी तुमची."

उडी हा शब्द त्याच्या पोटात, त्या वळाच्या नेमका मागे, जाऊन बसला आणि पुढचे सगळे दिवस तिथून हलला नाही. बीड शहरात त्या उन्हाळ्यात नळाला पाणी येणार ही बातमी लग्नाच्या तिथीसारखी अगोदर कळत असे, आणि लग्नासारखीच ऐन वेळी मोडत असे. कारखान्याचा गळीत हंगाम उसाअभावी अर्ध्यात गुंडाळला होता. चिमणीवर कावळे बसत होते. परंतु क्रीडासंकुलासाठी मंजूर झालेला निधी वापरला नाही तर परत जातो, आणि परत गेलेला निधी परत येत नाही, हे सहकारातलं ब्रह्मज्ञान कारखान्याचे आणि महाविद्यालयाच्या संस्थेचे अध्यक्ष असलेल्या आबासाहेबांना मुखोद्गत होतं. त्यामुळे जिल्ह्याच्या त्या होरपळलेल्या तुकड्यावर, महाविद्यालयाच्या मागे, निळ्या फरशीचा एक जलतरण तलाव पुरा झाला होता; आणि पाण्यावाचून त्याचं उद्घाटन केलं तर विरोधक त्याला खड्डा म्हणतील, म्हणून पाणीही येत होतं. कारखान्याचे मळी वाहणारे टँकर धुऊन-पुसून कामाला लावले होते. ते मांजरसुंब्याच्या रस्त्याने येत, वाचनकक्षाच्या खिडकीखालून वळत, आणि वळताना त्यांच्या मागच्या तोटीतून थोडं पाणी सांडे. बंकटची बायको तिथे बादली घेऊन बसलेली असे. हे पाणी कुठून येतं ते धर्मराजला कुणी सांगितलं नव्हतं. सांगण्याची गरज नव्हती. त्या वाटेवर अजून पाणी धरून असलेला तलाव एकच होता, त्याच्या गावचा.

तो तलाव खणला जात असताना धर्मराज बांधाच्या सावलीत बसून कामावर वाटलेली सुकडी खात असे. बहात्तरच्या दुष्काळाचं काम होतं ते. बाप मुरूम फोडी, आई घमेली वाही, आणि थोरली बहीण भामा, जी तेव्हा स्वतःच लहान होती, आईच्या मागे अर्धं घमेलं घेऊन चाले. पुढल्या पावसाळ्यात तलाव भरला. बाप त्याला बोट धरून दाखवायला घेऊन गेला होता, जणू घर बांधून दाखवतोय. मुलगा पाण्यात उतरला. गुडघ्याएवढं पाणी होतं, तळाचा गाळ बोटांमधून वर येत होता, आणि आणखी एक पाऊल टाकलं तर पाणी आपल्याला उचलून घेईल असं त्याला स्पष्ट जाणवलं होतं. तेवढ्यात बांधावरून आवाज आला: "भाईर नीघ बे!" आवाज रागाचासुद्धा नव्हता, वावरात शिरलेल्या ढोराला हाकलताना माणूस जितका रागावतो तितकाच. सूर्य त्या माणसाच्या पाठीशी होता, त्यामुळे तो कोण हे दिसलं नाही. बापाने हात पुढे केला. परतीच्या वाटेवर तो एकदाच बोलला. "देव आपुन सोडले," तो म्हणाला, "तवा वाटलं, पानी सुटंल." गावातली बाकीची पोरं पाटलाच्या विहिरीत कमरेला सुके भोपळे बांधून पोहायला शिकत, धर्मराज दूर बाभळीखाली उभा राहून त्यांच्या उड्यांचे आवाज ऐके. दिसत काही नसे. नुसता धप्प असा आवाज, आणि मग हसणं. माणसाला काय हवं आहे हे त्याला कधी कधी असं फक्त ऐकू येतं.

मग शिक्षण, वसतिगृह, पदव्या, नोकरी; सगळीकडे ग्रंथ भरपूर आणि पाणी बेताचं. पन्नाशीच्या जवळ येताना, बाद करायच्या पुस्तकांच्या ढिगात त्याला ते सचित्र पुस्तक सापडलं. मुखपृष्ठ वाळवीने खाल्लेलं, लेखकाचं नाव गेलेलं. आत मात्र एक मिशाळ गृहस्थ चौकोनाचौकोनातून शांतपणे पोहत होता, आणि त्याच्या हातापायांच्या वाटा तुटक रेषांनी दाखवल्या होत्या. आरंभीचा सराव बाकावर पालथे पडून करावा, असं पुस्तकात लिहिलं होतं. धर्मराजने शास्त्राला मान दिला. सकाळी, वाचनालय उघडण्यापूर्वी, खिडक्यांतून तिरपं ऊन आणि जुन्या कागदाचा वास येत असताना तो बाकावर पडे, हात पसरी, पाय बेडकासारखे आखडून झटकी. बाक करकरे. त्याच्या मनात कुठे तरी पक्कं होतं की हे सारं पूर्वतयारीचं आहे, खरं पुढे आहे. एक दिवस पाणी मिळेल आणि त्या दिवशी आपण सुखी होऊ. ध्येयवादी माणसं सुखाला अशी बाहेरच्या खोलीत बसवून ठेवतात आणि आत आपलं काम करत राहतात. त्या सकाळींविषयी त्याला आणखी काही वाटलं नव्हतं. निदान तसं त्याच्या ध्यानात आलं नव्हतं. अडत होतं ते फक्त श्वासाशी. तोंड बाजूला वळवून श्वास घ्यायचा आणि खाली सोडायचा, ही क्रिया हातांशी जुळतच नसे. घरी एकदा त्याने परातीत उरलेलं पाणी घेऊन त्यात तोंड बुडवून पाहिलं तेव्हा मनकर्णा, त्याची बायको, दारात येऊन उभी राहिली होती. "तोंड धुताव का जीव देताव?" ती म्हणाली. "जीव द्यायचा आसंल तर आदी ते पानी झाडाला टाका. लिंबू वाळायलंय."

आबासाहेबांनी बोलावलं तेव्हा खोलीत चार संचालक आणि कूलरचा घरघराट होता. "या, ओव्हाळ सर. तुमी कुणाला न सांगता साधना करता, आन आमाला ती चहावाल्याकडून कळावी?" धर्मराज म्हणाला, "साधना नाही, आबासाहेब, व्यायाम. मला पोहता येत नाही." "अवो, मला तरी कुठं भाषन येत हुतं? माईकम्होरं उभं केलं, आलं." संचालक हसले. "पाण्यात उभं राहून येत नसतं, आबासाहेब." "मंग आडवं व्हा!" आता संचालक इतके हसले की एकाला ठसका लागला आणि त्याच्यासाठी बिसलेरी उघडावी लागली. धर्मराजने रात्रभर घोकलेलं वाक्य उच्चारलं. "लोकांना प्यायला पाणी नाही, आणि ते पाणी आमच्या गावच्या तलावातून येतं." हसणं थांबलं. आबासाहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ते दुखावले गेले होते, आणि दुःख बनावट नव्हतं, हीच त्यातली भयंकर गोष्ट होती. "सर, मला दुष्काळ दिसत न्हाई का? पन ह्ये पानी आता पिन्याचं ऱ्हायलंच न्हाई. औषिध टाकलंय त्यात. ह्ये आता पव्हायचंच पानी हाय. आन तारीख बगा, चौदा एप्रिल. आमचे वडील तुमच्या वडलांना वरून पानी वाढायचे, मी तुमाला पान्यात उतरवतो. सगळ्यांच्या म्होरं, वाजतगाजत. ह्याला म्हनायचं सहकार." धर्मराजला त्या क्षणी सहकाराच्या इतिहासावरचे, कपाट क्रमांकासकट, किती तरी ग्रंथ आठवले, त्यांतल्या एकातही या व्याख्येचं खंडन नव्हतं. तो म्हणाला, "बघतो." त्याला म्हणायचं होतं, नाही. जिभेने ऐन वेळी संस्थेचा मान राखला.

पुढचे दिवस त्याने भीतीच्या निरनिराळ्या खोल्यांतून काढले. एक भीती साधी होती: बुडण्याची. तिच्यात शिरलं की नाकात परातीतलं पाणी चढे आणि तो शहराच्या भर चौकात उभा राहून दीर्घ श्वास घेई. दुसरी भीती हसण्याची, आणि तिच्यात संचालकाचा ठसका ऐकू येई. नाही म्हटलं तर काय होईल, ही भीती पगारपत्रकाच्या दिशेने उघडत होती आणि तिच्यात फार वेळ थांबण्यासारखं काही नव्हतं. माणसं कशी बाजूला केली जातात ते त्याने पाहिलं होतं, त्यात नवल उरलं नव्हतं. पण सगळ्यांच्या मागे एक लहान खोली होती आणि तिच्यात तो जायचं टाळत होता. तिथे भीती ही होती की, आपल्याला हे हवं आहे. टँकर वळताना तोटीतून पाणी सांडलं की त्याचे खांदे आपोआप हलत. बहीण भामाबाई तिकडे गावात हंडा घेऊन उभी असेल हे त्याला ठाऊक होतं, आणि तरीही खांदे हलत. सकाळी बाकावर पडणं त्याने बंद केलं होतं. बाक रिकामा दिसला की त्याला चोरी झाल्यासारखं वाटे, आणि काय चोरीला गेलं ते सांगता येत नसे.

रविवारी तो गावाला गेला. मनात हिशेब सरळ होता: भामाबाई शिव्या घालील, आपण शिव्या घेऊन परत येऊ आणि त्या शिव्यांच्या आधारावर नाही म्हणू. जे आपल्याच्याने होत नाही ते नाती करून देतात. एस. टी. कपिलधारच्या फाट्यावर थांबली तेव्हा एक कुटुंब, धबधब्याच्या जागी नुसता काळा कडा पाहून आलेलं, चढलं आणि पुढच्या सीटवर बसलं; पोरगी आईला विचारत होती, मग पाणी कुठं गेलं, आणि आई म्हणत होती, गप बस. गावात टँकर येऊन गेला होता. भामाबाई ओट्यावर बसून, हंड्याच्या तोंडाला फडकं बांधत होती. वय झालं होतं. घमेल्याने मानेला दिलेला बाक मात्र लहानपणापासून तोच होता. त्याने सगळं सांगितलं, निळी फरशी, टँकर, चौदा तारीख, आणि शिव्यांची वाट पाहत थांबला. तिने फडक्याची गाठ आवळली. "लई खोल हाय का?" तिने विचारलं. "छातीइतकं भरलंय म्हणतात." "आन तू पवनार." "मी नाही म्हणणार आहे, अक्का." "कावून?" हा प्रश्न त्याने धरलेला नव्हता. तो म्हणाला, तुमचं पाणी आहे म्हणून, तुम्ही तहानलेले असताना. ती हसली, दात थोडेच उरले होते, पण हसणं पूर्ण होतं. "तू न्हाई पवलास म्हून ते पानी म्हागारी येनार हाय का रं? टँकरला उलटा गिअर हाय का?" मग हसणं गेलं. "त्या तळ्याची माती म्या डोक्यावर वाह्यली, धर्मा. आईनं वाह्यली. आपल्यातलं कुनी त्यात गुडघ्याच्या वर गेलं न्हाई. तू गेल्तास तर तुला हाकललं. आता बोलवायलेत तर जा. त्येंच्यासाठी नगं जाऊ. जाऊन ये, आन मला सांग कसं लागतंय ते." "काय कसं लागतंय?" "अंगाला सगळीकडून पानी. म्या काय कवा बगितलंय?"

तो रिकाम्या हातांनी परत आला. शिव्या मिळाल्या नव्हत्या. उलट एक काम मिळालं होतं. एस. टी.च्या काचेवर डोकं टेकून त्याने त्यातल्या त्यात अब्रूचा एक मार्ग ठरवला. उतरायचं. दगडासारखा चेहरा ठेवून उतरायचं, आणि दगडासारखं बाहेर यायचं. पाण्याला अंग द्यायचं, मन द्यायचं नाही. आबासाहेबांना छायाचित्र मिळेल, बहिणीला वर्णन मिळेल, आणि आपल्याला आपला राग, कोरडा, जसाच्या तसा, परत नेता येईल. सुखाचा प्रश्न त्याने निकालात काढला होता. इतक्या अपमानातून सुख होणं शक्यच नव्हतं. तसं झालं तर माणसाच्या नीतीला काही आधारच उरला नसता.

चौदा तारखेला मंडप निळा होता, पताका निळ्या होत्या आणि बंकटने कागदात गुंडाळून आणलेली चड्डी आणि टोपीही निळी होती. "कमिटीनं पसंत केलीय," तो खाली बघत म्हणाला. "साईज माझ्या अंदाजानं सांगितलीय, सर. बाकावर बगितलंय न तुमाला." तसबिरीला हार घालून झाला. प्रास्ताविक झालं. महाडच्या तळ्याचं नाव तीन वक्त्यांनी घेतलं आणि तिघांनीही ते अशा सुरात घेतलं की ते आंदोलन संस्थेच्याच एखाद्या पूर्वीच्या संचालक मंडळाने चालवलं असावं. कठड्याशी शिट्टी घेऊन जीवरक्षक उभा होता. तो आबासाहेबांच्या साडूचा मुलगा. त्याला पोहता येत नव्हतं, पण नेमणुकीच्या वेळी तसं कुणी विचारलंही नव्हतं. बायकांच्या खुर्च्यांत मनकर्णा बसली होती. कुणाकडेच न बघता ती साडीच्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडवत होती. धर्मराज उघड्या अंगाने, पोटावर फिक्या पडलेल्या वळासह, शहरातल्या प्रतिष्ठितांसमोर चालत गेला. उडी मारायची नाही, हे तरी त्याने ठरवलं होतं. तो शिडीला पाठ लावून, म्हाताऱ्या माणसासारखा, एकेक पायरी उतरला. कुणीतरी हसलं. पाणी घोट्याला लागलं, मग गुडघ्याला. गुडघ्याशी तो थांबला, आणि त्याच्याही नकळत त्याने मान वर करून बांध शोधला. सूर्य मंडपाच्या मागे होता.

मग त्याने पुढचं पाऊल टाकलं. पाणी कमरेवर आलं, छातीवर आलं, थंड, औषधाच्या वासाचं, आणि पहिल्यांदा त्याला आठवलं ते हे की पोटाखाली बाक नाही. आडवा होताच अंग बाक शोधू लागलं. हात भलतीकडे गेले, नाकात पाणी शिरलं, शिट्टी वाजली. तो उभा राहिला, खोकला. टाळ्या पडल्या. आता बाहेर निघायला हरकत नव्हती. अपमान पुरा झाला होता, वर्णनापुरतं साहित्य जमलं होतं. पण हात आधीच छातीखाली आले होते. बाकावरच्या असंख्य सकाळी त्यांच्यात साठल्या होत्या आणि त्यांना मालकाची परवानगी नको होती. ते पुढे गेले, पसरले. पाय आखडले, झटकले गेले. आणि जी गोष्ट पुस्तकाच्या एकाही चौकोनात नव्हती, जी करकरणाऱ्या बाकाने एवढ्या वर्षांत एकदाही केली नव्हती, ती झाली. तो पुढे सरकला. स्वतःच्या हातांनी लोटलेल्या पाण्यातून, वीतभर, मग आणखी हातभर. तोंड पाण्याखाली होतं, लाऊडस्पीकर नव्हता, सहकार नव्हता, फक्त कानांत एक जुना, दूरचा, धप्प असा आवाज होता. तिरपं ऊन तळाच्या फरशीवर हलत होतं, वाचनकक्षात हलतं तसंच. इथे काही नवं नाही, असं त्याला वाटलं. हे त्या सकाळींतलंच आहे. कागदाचा वास तेवढा नाही. एवढी वर्षं आपण बाहेरच्या खोलीत ज्याला बसवून ठेवलं होतं ते रोज आतच होतं, बाकाखाली, आणि आपण त्याच्यावर पालथे पडून त्याची वाट पाहत होतो. दगडासारखा चेहरा कुठे सुटून गेला ते कळलं नाही. हे कोणाच्या हातून मिळतंय ते त्याला ठाऊक होतं. कोणाच्या हंड्यातलं आहे तेही ठाऊक होतं. सुखाने त्याची चौकशी केली नाही. ते आलं, निर्लज्ज, सगळीकडून अंगाला लागत. आणि रागही तिथेच होता, जराही ओला न झालेला. दोन्ही एकाच छातीत मावत होती. त्याचंच त्याला भय वाटलं.

भिंत हाताला लागली तेव्हा तो उभा राहिला. टाळ्यांचा भर ओसरत होता. निवेदक पुढच्या सत्कारमूर्तीचं नाव घेत होता. छायाचित्रकाराने आबासाहेबांना काही सांगितलं. आबासाहेब माईकवर आले. "वा, सर, वा! एकदा हिकडं बगून हात हलवा. झालं? आता भाईर या." धर्मराजने कपाळावरचं पाणी पुसलं. आवाज आदराचा होता, प्रेमळ होता, भाषेत बहुवचन होतं. "भाईर या, सर. पाव्हने खोळंबलेत. बाकीचा कार्यक्रम हाय." खुर्च्यांमध्ये कुजबुज सुरू झाली. जीवरक्षकाने शिट्टी तोंडात धरली, मग आबासाहेबांकडे पाहून काढली. बंकट टॉवेल घेऊन शिडीपाशी आला, तो टॉवेल त्याने दोन्ही हातांत पसरून धरला होता, आणि अगदी खालच्या आवाजात तो म्हणाला, "सर, चला की. ते चिडायलेत." मग, इकडेतिकडे बघत, आणखी खाली: "का अजून एक चक्कर मारताव?" आबासाहेबांनी माईक हाताने झाकला, पण पुरता झाकला गेला नाही. "ह्याला भाईर काढा रे कुनीतरी," असं सगळ्या मंडपाला ऐकू आलं. कुणीतरी म्हणजे पाण्यात उतरणारा कुणीतरी. आणि त्या इस्त्रीच्या कपड्यांमध्ये तसा कोणी नव्हता. संचालक एकमेकांकडे पाहू लागले. मनकर्णेच्या बोटावरचा पदर थांबला होता. ती आता सरळ त्याच्याकडे पाहत होती.

कसं लागतंय ते सांग, असं भामाबाई म्हणाली होती. त्याने शब्द शोधून पाहिले. शब्दांची त्याला कधी वाण पडली नव्हती, पण इथे एकही टिकेना. जो घ्यावा तो थोड्या वेळात ओला होऊन फाटत होता. बहिणीला काय सांगायचं ते अजून ठरलेलं नव्हतं, आणि ते ठरेपर्यंत बाहेर निघण्याचं काही कारण त्याला दिसेना. त्याने हात छातीखाली आणले आणि तोंड बाजूला वळवून श्वास घेतला. तो पहिल्यांदाच हातांशी जुळला. मग त्याने दोन्ही तळपाय मागे, भिंतीला टेकवले.